बाकावरची अकरा मिनिटे आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकतीस, काम वजने आणि मोजमापाची उपकरणे तपासून प्रमाणित करणे, राहणार दुसरा मजला, मागच्या अंगणाकडची सदनिका, हे माझे पहिले आणि जमल्यास शेवटचे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी प्रकृती चांगली आहे. गेल्या महिन्यातल्या तपासणीचा कागद सोबत जोडला आहे. तो वकिलांनी मागितला नव्हता. मन ठिकाणावर आहे की नाही हे दाखवणारे उपकरण माझ्या माहितीत नाही. आज सकाळी मी चार काटे तपासले आणि चारही नोंदी बरोबर आल्या, एवढाच पुरावा देता येतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. उलट, जिच्यासाठी हा कागद लिहिते आहे तिला वकिलांच्या सल्ल्यावरून मी आत्ता घराबाहेर पाठवले आहे, म्हणजे शेजारी बसून तिने हे वदवून घेतले असे उद्या कोणी म्हणू नये.

ती म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण, वय चौसष्ट. ती माझ्याबरोबर राहते.

एकतीस वर्षांच्या धडधाकट बाईने मृत्युपत्र का करावे, असे वाचणाऱ्याला वाटेल. त्याचे उत्तर कलम तीनमध्ये आहे. ते लांब आहे.

कलम एक. जे माझे नाही

वकील म्हणाले, आधी मालमत्ता लिहा. मी आधी या घरात असलेल्या पण माझ्या नसलेल्या वस्तू लिहिते, म्हणजे त्या चुकून वाटल्या जाणार नाहीत.

स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेला लोखंडी आकडा, लांबी बेचाळीस सेंटीमीटर, आत्याचा आहे. आत्याने सव्वीस वर्षे पाणीखात्यात मीटर वाचण्याचे काम केले. आकड्याने रस्त्यावरचे झाकण उचलायचे, बॅटरी मारायची, आकडे वाचायचे, लिहायचे, झाकण ठेवायचे, पुढच्या घरी जायचे. माझी आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि दादा तेरा. वडील कामाच्या निमित्ताने कायम बाहेर. आत्या एक ट्रंक आणि हा आकडा घेऊन आमच्याकडे आली ती राहिलीच. शाळेला सुट्टी असली की ती मला फेरीवर नेत असे. मी झाकणाशी पालथी पडून अंक वाचायचे.

"शेवटचा कोणता?"

"अर्धाच दिसतोय. आठ असेल."

"असेल काय? खाली वाक आणि बघ."

मला अंक असे आले. पुढे दादा आणि मी या देशात आलो. मग तीही इथे आली तेव्हा विमानतळावर सामान तपासणाऱ्याने हा आकडा वर धरून विचारले, हे कशाला. आत्या म्हणाली, "झाकण उघडायला." कसले झाकण? "जे असेल ते."

निळ्या पुठ्ठ्याची वही आत्याची आहे. तिच्याबद्दल पुढे येईल.

आत्याच्या पलंगाखालची तपकिरी सूटकेस आत्याची आहे. तिला कुलूप आहे. मी ती उघडलेली नाही. वजन मात्र केले आहे: सतरा किलो चारशे ग्रॅम.

कलम दोन. हत्यारे आणि सायकल

जाडी मोजायचे माझे डिजिटल कॅलिपर प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला द्यावे. तो ते दर शुक्रवारी उसने नेतो आणि शून्यावर न आणता परत ठेवतो. यापुढे त्याचे पाप त्याच्याच घरात राहील.

सायकल तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीला. ती शहराची बस चालवते, आणि दिवसभर बस चालवून झाल्यावरही तिला चालवायला आणखी काहीतरी लागते.

पितळी वजनांची लाकडी पेटी दादाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला. पेटीत दहा खाचा आहेत आणि वजने नऊ. वीस ग्रॅमचे वजन दादाने लहानपणी हरवले. तो आजही नाही म्हणतो. पेटी सोपवताना ही गोष्ट तिला सांगावी.

कलम तीन. हमीपत्र

या देशात नातेवाइकाला कायमचे राहायला आणायचे तर आणणाऱ्याने हमीपत्र द्यावे लागते. माझ्या हमीपत्राची पाने अकरा आणि मुदत दहा वर्षे. त्यात मी लिहून दिले आहे की या काळात आत्याचे खाणे, राहणे, कपडे आणि औषधपाणी मी पाहीन. तिला सरकारी अर्थसाहाय्य घेण्याची वेळ येऊ देणार नाही. आणि आलीच, तर सरकारने ते माझ्याकडून वसूल करावे. माझी नोकरी गेली, लग्न झाले, आमचे दोघींचे भांडण झाले, तरी हमी उठत नाही. आज तीन वर्षे आठ महिने झाले आहेत.

सही करण्यापूर्वी मी हे आत्याला फोनवरून वाचून दाखवले. पान चारपर्यंत तिने ऐकून घेतले.

"अगं, थोडक्यात सांग की."

"हे थोडक्यात सांगता येत नाही."

"मग जाडंभरडं सांग. मला कळेल."

मी म्हणाले, "असं समज, तू सरकारचं काहीही घेतलंस तर त्याचं बिल माझ्या नावावर येईल."

ती म्हणाली, "काहीही?"

"काहीही."

मला जेवणाच्या सुट्टीत फॉर्म पोचवायचा होता. माझ्या ओळखीचे लोक सांगतील की मी ढोबळ बोलत नाही. हे एक वाक्य ढोबळ होते. पुढचे सगळे त्यातून झाले.

ती आली. पहिली तीन वर्षे मला काही वेगळे जाणवले नाही. मी सकाळी सातला जाते, सहाला येते. ती "जरा खाली जाऊन येते" एवढे माहीत होते. मग गेल्या वर्षी मी तिला नवे बूट घेतले आणि तीन महिन्यांनी एका बुटाचा बंद शिवायला हातात घेतला, तेव्हा टाच विचित्र दिसली. मी कॅलिपर आणले. नवी असताना टाच बावीस मिलिमीटर होती. ती आता पंधरावर आली होती, बाहेरच्या कडेला तेरावर. माझी टाच वर्षाला दोन मिलिमीटर झिजते. मला भीती वगैरे वाटली नाही, कुतूहल वाटले. एखादा काटा रोज थोडा थोडा सरकतो तेव्हा वाटते तसे.

"आत्या, तू दिवसभर कुठे जातेस?"

"कुठं जाणार? इथंच. पाय मोकळे करायला."

"किती चालतेस?"

"मोकळे होईपर्यंत."

मी बसवाल्या शेजारणीला विचारले. ती म्हणाली, "तुझी आत्या? रोज दिसते की. पुलावर, भाजीबाजारापाशी, वाचनालयासमोर. मी दार उघडून धरते, म्हणते, या ना, बसा. हसते, हात हलवते आणि चालायला लागते. मला वाटलं डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"तिच्याकडे ज्येष्ठांचा सवलतीचा पास आहे. मीच काढून दिलाय."

"असेल. त्याचं तोंड मी बघितलेलं नाही."

त्यानंतर दोन शनिवार मी आत्याच्या मागे लांबून चालले. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण केले आहे. आढळले ते असे. ती पाण्याची बाटली घरून नेते आणि बागेतल्या नळापाशी थांबतही नाही. बागेत उभी राहते. बाक रिकामा असला तरी बसत नाही. वाचनालयाच्या काचेला आतून वर्तमानपत्र लावलेले असते, त्याचे पहिले पान ती बाहेरून उभ्याने वाचते आणि दार उघडे असूनही आत जात नाही. मला वाटले लाज वाटत असेल, किंवा विस्मरणाचा काही आजार सुरू होत असेल. मी डॉक्टरांची वेळ घेतली. ती म्हणाली, "डॉक्टर कुणाचा? सरकारचाच ना?" आणि आली नाही. एवढे ऐकूनही मला कळले नाही, हेही नोंदवते.

पाच महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी ती डाव्या हाताने किल्ली फिरवताना दिसली. उजव्या मनगटाला रुमाल गुंडाळला होता. "कपाटाचं दार लागलं," म्हणाली. चौथ्या दिवशी मी तिला जवळजवळ ओढत रुग्णालयात नेले. मी तिचा आरोग्यविमा भरते, नोंदणीच्या खिडकीतल्या कारकुनाला फक्त त्याचा क्रमांक हवा होता. आत्याने खिडकीत डोके घातले.

"हिच्या नावावर टाकू नका हं. जे काय होईल ते माझ्या पेन्शनीतून कापा."

"आजी, इथं कुणाच्या नावावर काही पडत नाही."

"असं सगळेच म्हणतात. मीटर आत असतं."

मनगटाच्या हाडाला चीर गेली होती. वाचनालयाच्या पायऱ्यांवर तिला चक्कर आली होती. ती पडली, उठली आणि समोरच्या बाकावर बसली. लोक जमले, कोणीतरी रुग्णवाहिका बोलावली. ती येण्याआधी आत्या बाकावरून उठली आणि तो हात छातीशी धरून तीन किलोमीटर चारशे मीटर चालत घरी आली.

प्लास्टर घातल्या दिवशी ती मला म्हणाली, "ती निळी वही आण. एक नोंद राहिलीय, मला लिहिता येणार नाही."

"काय लिहू?"

"तारीख टाक. त्या दिवशीची, आजची नव्हे. बाक, वाचनालयासमोरचा. अकरा मिनिटं."

मी लिहिले. मग मागची पाने पाहिली. सव्वातीन वर्षांत नऊ पाने भरली होती. *नळ, बाग, दोन घोट, ऊन फार होते. सार्वजनिक शौचालय, एकदा, इलाज नव्हता. पूल, रोज दोनदा* – हे खोडून पुढे लिहिले होते, *पुलाचे विचारून घ्यायचे. बाजारात बाईने दिलेली कापडी पिशवी* – पुढे कंसात, *सरकारी नाही, नोंद नको.*

"हे काय आहे?"

"रीडिंग."

"कशाचं?"

"तूच म्हणाली होतीस, काहीही घेतलं तर बिल तुला. मग तुझ्याजवळ आपला आकडा नको? ते सांगतील तेवढं गुमान भरशील? सव्वीस वर्षं बघितलंय मी. ज्याच्याकडे स्वतःचं रीडिंग नसतं ना, तो मरतो."

"आत्या, बाकाचं बिल येत नाही."

"तुला काय माहीत? विचारलंस?"

विचारले नव्हते. असेल म्हणून चालत नाही हे तिनेच मला शिकवले होते, त्यामुळे वाद घालता आला नाही.

मी हमीपत्रांच्या कार्यालयाला पत्र लिहिले. त्यात चौदा बाबी होत्या: बाक, नळ, बाग, पूल, वाचनालय, बसची सवलत, रुग्णवाहिका, रस्त्यावरचा दिवा वगैरे. यातली कोणती बाब हमीपत्रातल्या अर्थसाहाय्यात मोडते? सहा आठवड्यांनी तिथल्या अधिकारी बाईंचा फोन आला.

"मी इथे एकोणीस वर्षं आहे. रस्त्याच्या दिव्याबद्दल मला आजवर कुणी विचारलं नव्हतं."

"उत्तर लेखी मिळेल का?"

"तोंडी चालणार नाही?"

"तिला चालत नाही. मलाही नाही."

लेखी उत्तर आले. ते परिशिष्ट अ म्हणून जोडले आहे. चौदापैकी एकही बाब अर्थसाहाय्यात मोडत नाही. खाली त्यांनी पेनाने एक ओळ लिहिली आहे: *कृपया त्यांना बसायला सांगा.*

आत्याने शब्दकोश घेऊन ते पत्र दोनदा वाचले. मग विचारले, "सही कुणाची?"

"अधिकाऱ्यांची."

"आणि त्या बदलून गेल्या की?"

तिने पत्र नीट घडी घालून वहीत ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्याची बाटली भरून चालत गेली. मी हमीपत्राची फाईल काढली, काही वेगळ्या शब्दांत समजावता येईल का ते पाहायला. पान नऊवर खूण होती. खुणेला बसचा पास घातला होता, कोरा करकरीत. पेन्सिलीने तीन ओळी अधोरेखित होत्या आणि समासात शब्दकोशातले अर्थ. हमी तीन प्रकारे संपते: ज्या व्यक्तीसाठी हमी दिली ती मरण पावल्यास, ती कायमची देश सोडून गेल्यास, किंवा हमी देणारी व्यक्ती मरण पावल्यास. सूटकेसचे वजन मी त्याच दिवशी केले.

त्या रविवारी ती पालेभाजी निवडत बसली होती.

"सूटकेस कुठे निघाली?"

"वजन केलंस का?"

"केलं."

"मग फार काही नेत नाहीये, एवढं कळलंच असेल." ती मान वर न करता बोलत होती. "मी गेले की तुझी सही सुटते. पान नऊ. अजून सहा-साडेसहा वर्षं माझ्या पायात अडकून काय करणारेस? परत गेले तर पेन्शन आहे, ओळखीपाळखी आहेत. इथं मी बसले तरी तुझं मीटर फिरतं."

यावर काय बोलायला हवे होते ते मला आता येते. तेव्हा मी म्हणाले, "तिकिटाचे दर सध्या जास्त आहेत."

ती हसली. मग हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, "बरं, राहिले असं धर. पान नऊवरचा तिसरा प्रकार वाचलास ना? तू आधी गेलीस तर? सायकल काय, कुणीही ठोकेल. मग मी कुणाच्या दारात उभी राहू? दादाच्या?"

"विचारून सांगते," मी म्हणाले.

विचारले. वकिलांचे उत्तर असे: मी मेल्यास हमी संपते, आत्याचा इथे राहण्याचा हक्क संपत नाही, माझ्या मृत्यूच्या दिवसापर्यंत काही वसुली निघत असेल तर ती माझ्या मालमत्तेतून होते. आजपर्यंत निघालेली वसुली शून्य आहे. त्यानंतर आत्याला सरकारी साहाय्य मागता येईल. "ती मागणार नाही," मी म्हणाले. वकील हसले. त्यांनी निळी वही पाहिलेली नाही.

म्हणून हे मृत्युपत्र. तिसऱ्या मार्गाची सोय मी करते. तिने दुसरा मार्ग सोडावा.

कलम चार. सदनिका आणि बचत

दोन खोल्यांची ही सदनिका माझ्या नावावर आहे. तिच्या कर्जाला विमा जोडलेला आहे, त्यामुळे माझ्यामागे ती मोकळी होईल. आत्याला तिच्या हयातीपर्यंत इथे राहण्याचा हक्क राहील. तो कोणालाही, कोणत्याही कारणाने, "तुम्हाला आमच्याकडे जास्त बरं पडेल" असे सांगूनही, काढून घेता येणार नाही.

बँकेतली बचत आणि नोकरीतून मिळणारी विम्याची रक्कम आत्याला दरमहा हप्त्याने द्यावी. एकरकमी देऊ नये. एकरकमी दिल्यास ती परत कोणाला करायची याचा ती शोध घेईल.

हे सगळे पार पाडण्यासाठी मी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंची व्यवस्थापक म्हणून नेमणूक करते. त्यांनी नऊ वर्षांत माझ्या एकाही नोंदीवर न वाचता सही केलेली नाही. एकदा तर त्यांनी माझे "अंदाजे" हे क्रियाविशेषण लाल शाईने खोडले होते. मी आत्याशी फोनवर ढोबळ बोलले त्या दिवशी त्या रजेवर होत्या.

कलम पाच. दादा

मी पंचवीस वर्षांची असताना आत्याला इथे आणण्याचा अर्ज पहिल्यांदा भरला. ठरवून दिलेल्या उत्पन्नाला माझे उत्पन्न थोडे कमी पडत होते. अशा वेळी घरातल्या दुसऱ्या कमावत्या माणसाची सही चालते. दादा याच शहरात राहतो, चार खोल्यांत, त्यातली एक खोली व्यायामाच्या सायकलला दिलेली आहे. तो मला लहानपणापासून फूटपट्टी म्हणतो.

"अगं फूटपट्टे, दहा वर्षं म्हणजे जन्मठेपच की! खून केला तरी एवढी होत नाही."

"आत्याने सात वर्षं तुझा डबा केला."

"मी कुठं नाही म्हणतोय? दर महिन्याला पाठवू की काहीतरी. सही कशाला हवीय पण? सही म्हणजे मान अडकवणं."

"माझी अडकणारच आहे. फक्त तुझी सोबत मागतेय."

"बघतो," म्हणाला. दादाचे "बघतो" म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. वहिनी मात्र दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "मी केली असती हो, पण माझं उत्पन्न धरत नाहीत." वहिनीचे नाव या कलमात दादाच्या नावाखाली वाचू नये. वेगळे वाचावे.

मी दोन वर्षे शनिवार-रविवार बाजारातल्या दुकानदारांचे काटे तपासले आणि कमी पडत होते ते पुरे केले. त्या दोन वर्षांत आत्या तिकडे एकटी होती. डोळ्याच्या शस्त्रक्रियेला एकटी गेली आणि डोळ्यावर पट्टी बांधून रिक्षाने एकटी परतली. ती दोन वर्षे मी दादाच्या नावावर टाकते.

त्याच्या बाजूचीही एक नोंद आहे. आत्याचा हात प्लास्टरमध्ये असताना तो दर रविवारी यायचा आणि तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, अर्धे उच्चार चुकवत. आत्या ते दुरुस्त करायची आणि तो तिसऱ्यांदाही तसेच वाचायचा. मुद्दाम, असे मला वाटते. ती हसायची.

दादाला मी त्या पहिल्या अर्जाचे पान सात देते. त्यावर "सहअर्जदाराची सही" अशी जागा आहे आणि ती अजून कोरी आहे. पाकिटात पेनही ठेवले आहे. माझ्यामागे त्या सहीने कायद्याने काहीच होणार नाही. तरी करावी, आणि ते पान आत्याला नेऊन द्यावे.

कलम सहा. भाची

आत्याच्या पश्चात ही सदनिका भाचीला मिळावी. ती अकरा वर्षांची आहे आणि प्रश्न सरळ विचारते. "आत्या, तुझी आत्या तुझ्याकडे किती वर्षं राहणारे?" असे तिने परवा विचारले. मी म्हणाले, फॉर्मप्रमाणे दहा. "आणि फॉर्म नसता तर?" मला कामावर जायचे होते. पण तेव्हापासून विचार करते आहे. मीही कोणाची तरी आत्या आहे. या नात्याची मुदत कुठल्या पानावर लिहिलेली असते, ते मला अजून सापडलेले नाही.

कलम सात. आत्यासाठी

फोनवर उच्चारलेले माझे वाक्य, "तू सरकारचं काहीही घेतलंस तर त्याचं बिल माझ्या नावावर येईल," मी मागे घेते. सुधारित वाक्य असे: तुला जे लागेल ते माझ्या नावावर यावे अशी माझी इच्छा आहे, सहीच्या आधीही होती, आणि बाक त्यात येत नाही.

कलम चारमधल्या हक्कांना एकच अट आहे. आत्याने रोज किमान दहा मिनिटे कोणत्याही सार्वजनिक बाकावर बसावे आणि त्याची नोंद करू नये. ही अट लागू व्हायला माझ्या मरणाची वाट पाहण्याचे कारण नाही.

सूटकेस तिची आहे आणि पान नऊवरचा दुसरा मार्गही तिचाच आहे. तो तिने घेऊ नये, ही विनंती. मी विनंती फारशी करत नाही, त्यामुळे शब्द बरोबर आहे ना ते दोनदा पाहिले. बरोबर आहे.

या कागदाचा मसुदा मी काल तिला वाचायला दिला होता. तिने चष्मा लावून सगळा वाचला. टाचांच्या मापापाशी थांबून स्वतःचे पाय पाहिले.

"हे सगळं तोंडानं सांगता येत नव्हतं?"

"नाही."

"बरं," म्हणाली, आणि मसुदा परत दिला. वीस ग्रॅमचे वजन दादाने नव्हे, तिनेच हरवले होते, असेही म्हणाली. मीटरचे एक झाकण वाजत होते, त्याखाली सारायला घेतले आणि तिथेच राहिले. कलम दोनमधला दादावरचा आरोप मी याद्वारे मागे घेते. खोडत मात्र नाही, कारण पंचवीस वर्षे तो तिथे होता.

सही करण्यापूर्वी हाताने केलेली भर

चारची वेळ ठरली होती. आत्याला मी तीनला बागेत पाठवले आणि तासभर येऊ नको म्हणाले. व्यवस्थापक बाई वेळेवर आल्या आणि कलम पाचमधली स्वल्पविरामाची एक चूक दाखवून बसल्या. बसवाली शेजारीण साडेतीनला कामावरून सुटते. ती तेवीस मिनिटे उशिरा आली. उशिराचे कारण मी विचारले, कारण ते कागदावर असावे.

"तुझ्या आत्यामुळं! शेवटच्या फेरीला बागेच्या थांब्यावर दार उघडलं तर चढली ना! पास मशीनला लावला, पुढच्या सीटवर येऊन बसली. मी विचारलं, कुठं उतरायचं? तर म्हणे, 'ही वळते कुठं ते बघायचंय.' अगं, शेवटच्या थांब्यापर्यंत आली. तिथं सगळे उतरले, ही बसलेलीच. मग काय, डेपोत बस लावली आणि दोघी दुसऱ्या बसनं आलो. आता खाली बाकावर बसलीय. वर चला म्हटलं, तर म्हणते, मला तासभर सांगितलंय."

तास केव्हाच होऊन गेला होता. हमीपत्राची फाईल माझ्यासमोर टेबलावर आहे आणि पान नऊमध्ये खूण नाही. निळी वहीही इथेच आहे. तिच्यातली शेवटची नोंद अजून माझ्या अक्षरातली आहे.

"बसमध्ये एकूण किती मिनिटं होती?" मी विचारले.

"मी नाही बाई मोजली," शेजारीण म्हणाली. "तिनंही नाही."

वरील भरीसह सर्व मजकूर मी वाचला आहे आणि तो मला मान्य आहे. सूटकेसच्या वजनाची नोंद कलम एकमध्ये आहे तशीच राहू द्यावी. मी पुन्हा वजन करणार नाही.

मृत्युपत्र करणारी: (सही)

आम्हा दोघींच्या समोर तिने सही केली आणि तिच्यासमोर आम्ही दोघींनी केली.

साक्षीदार पहिली: (सही) तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण, बसचालक
साक्षीदार दुसरी: (सही) प्रयोगशाळेच्या प्रमुख, याच कागदाच्या व्यवस्थापक. *सर्व पाने वाचली.*

स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल, इथून खालचा बाक दिसतो
दिनांक: नऊ मार्च, दुपारी चार वाजून एकेचाळीस मिनिटे